लाडवांचं ताट आणि आंब्याची वाटणी

'महावतार नरसिंह'ने २०२५ मध्ये ३०० कोटींचा टप्पा ओलांडला आणि भारतीय ॲनिमेशनचे दिवस पालटले, असं जो तो म्हणू लागला. गल्ल्याचं ठीक आहे. या यशात बाई कुठे? एक आई कयाधू, एक आत्या होलिका. कथाच तशी आहे, हे मान्य. पण आता रांगेतले निर्मातेही पुराणातले वीरपुरुषच शोधणार, अशी शंका येते.

राहाता तालुक्यातलं कोल्हार हे भगवतीदेवीचं गाव. देवीपुढे सगळं गाव हात जोडतं. तिथल्या पोरींना टीव्हीवर मात्र वर्षानुवर्षं भेटली ती 'छोटा भीम'मधली चुटकी. मोहिमेवर तीही जाते, पण लक्षात राहते ती भीमाला लाडू देणारी म्हणून. २०२० मध्ये भीम राजकन्या इंदुमतीशी लग्न करणार अशी आवई उठली आणि समाजमाध्यमांवर 'जस्टिस फॉर चुटकी'चा गजर सुरू झाला. ही सगळी लहान मुलं आहेत, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. चेष्टा होती, खरंच. पण चुटकीला न्याय म्हणजे भीमाशी लग्न, यात फारसं कुणाला काही खटकलं नाही!

परदेशातही सगळं आलबेल नाही. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर या भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद मोजले. तलवार घेऊन लढणाऱ्या 'मुलान'मध्ये (१९९८) ७७ टक्के संवाद पुरुषांचे निघाले. दोन बहिणींची गोष्ट सांगणाऱ्या 'फ्रोझन'मध्येही (२०१३) ५९ टक्के.

या पार्श्वभूमीवर ॲनिमेटर राम मोहन यांचं काम पुन्हा पाहायला हवं. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात ते दाखल झाले. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी जाहीर केलं, त्या काळात युनिसेफसाठी त्यांनी 'मीना' रेखाटली. दक्षिण आशियातल्या हजारो मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवून तिचा चेहरा नि पेहराव ठरवला गेला. कोणत्याही देशात ती परकी वाटता कामा नये, म्हणून तिला लांब स्कर्ट दिला. वडील शाळेत पाठवत नाहीत, तर ती मिठू पोपटाला वर्गात धाडते, त्याच्याकडून आकडे शिकते आणि कोंबड्या मोजून चोरी पकडते. दुसऱ्या गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा भाऊ राजूला मिळतो. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळपर्यंत राजू पार थकून जातो आणि बहिणीच्या पोटाला एवढं कमी का, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनाच पडतो.

उपदेश आहे, पण हसवत केलेला. चुटकीच्या कितीतरी आधीचा.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत 'मीना राजू मंच' चालतो, तो हिच्याच नावाने. नावात राजूलाही घेतलं हे फार बरं झालं. आंब्याची ती गोष्ट मीनाला नव्याने सांगायची गरजच नव्हती. कमी वाटा तिने रोजच खाल्ला होता.