धागे, रेझिन आणि मधली हवा

धागे आणि कापड यांवरून सांख्य आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. सांख्य म्हणतात, कापड धाग्यांत आधीपासून असतंच. नैयायिक म्हणतात, ते नव्यानं उत्पन्न होतं. आज हा वाद आपण फायबरग्लासच्या कारखान्यात नेऊ या.

लोखंडी पत्रा आधी तयार असतो. तो तपासायचा, मग वाकवायचा. इथे तसं नाही, बरं का! इथे पदार्थ आणि वस्तू एकदमच जन्माला येतात. म्हणून सगळा भरवसा बनवण्याच्या रीतीवर.

साधी रीत हाताची. साच्याला मेण लावायचं, जेलकोट द्यायचा, काचतंतूंची चटई अंथरून ब्रशनं रेझिन भरायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची. कॅटलिस्ट मिसळलेलं रेझिन थोड्याच वेळात आळतं, त्यामुळे हात चालता लागतो. होड्या अशा होतात.

दुसरी रीत निर्वाताची. कोरडे थर पिशवीखाली सीलबंद करून पंपानं आतली हवा ओढतात. मग बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, थर दाबतो आणि रेझिनला आत ढकलतो. पवनचक्कीची पाती अशी बनतात.

तिसरी विमानांची. रेझिन भरलेले कार्बनतंतूंचे थर फ्रीझरमध्ये जपतात. मग साच्यावर रचून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे अवाढव्य प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, सुमारे 180 अंश सेल्सियसला भाजतात. बोइंग 787चा सांगाडा वजनानं निम्मा अशा संमिश्र पदार्थांचा आहे.

तिन्ही रीतींत झगडा एकाच गोष्टीशी: अडकलेल्या हवेशी. बुडबुडा राहिला की थर तिथे सुटू लागतात, आणि वरून काही दिसत नाही. ठोकून आवाज ऐकावा लागतो किंवा अल्ट्रासाउंड लावावा लागतो. रोलर फिरवणाऱ्या कामगाराच्या सचोटीवर, बघा, समुद्रात जाणाऱ्याचा जीव असतो.

आता वादाचं काय? धाग्यांच्या दिशेतला ताठपणा घटकांच्या प्रमाणावरून बराचसा आधीच मांडता येतो. इथे सांख्यांचं पारडं जड. पण काच ठिसूळ, आळलेलं रेझिनही बरंचसं ठिसूळ. दोन्ही एकत्र आले की तडा सांध्याशी वळतो, अडतो. हा चिवटपणा एकट्या कुणातच नव्हता. इथे आम्ही नैयायिकांच्या बाजूला बसतो.

एक सल मात्र उरतो. कापड उसवलं तर धागे परत मिळतात. हे आळलेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. जुन्या पात्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्यामुळेच अवघड झाला आहे. वस्तू घडवताना तिच्या शेवटाचा विचारही आपण करायला हवा.