रविवार, मोटरसायकल आणि एक न विसरता येणारा चित्रपट

मोटरसायकलच्या शर्यतींवरचा १९७१ सालचा एक माहितीपट आजही आवडीने पाहिला जातो. त्यात असे काय आहे? आणि ज्या फरीदाबादने देशाला मोटरसायकलींचे वेड लावले, तिथल्या घरांना तो काय सांगून जातो?

मुलगा अठरा वर्षांचा झाला की बऱ्याच घरांत एक वाद हमखास सुरू होतो. मुलाला मोटरसायकल हवी असते. 'नको रे बाबा ती फटफटी,' असे म्हणून आई विषय बंद करते. वडील पैशांची अडचण पुढे करतात, पण आईइतकीच धास्ती त्यांच्याही मनात असते. मुलाला मात्र वाटते की आपली आवड या दोघांना कधी कळणारच नाही.

अशा वेळी सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा एक चित्रपट आहे. त्याचे नाव 'ऑन एनी संडे', म्हणजे 'कुठल्याही रविवारी'. अमेरिकन दिग्दर्शक ब्रूस ब्राउन यांचा हा सुमारे दीड तासाचा माहितीपट आहे. त्यात खलनायक नाही, प्रेमकथा नाही, मारामारी तर नाहीच. तरीही त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या ऑस्कर पुरस्कारासाठी नामांकन मिळाले होते.

आठवडाभर काम, रविवारी शर्यत

ब्राउन यांनी त्याआधी समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांवर 'द एंडलेस समर' हा गाजलेला माहितीपट केला होता. मोटरसायकलवर चित्रपट करायचे ठरल्यावर पैशांसाठी ते प्रसिद्ध अभिनेता स्टीव्ह मॅकक्वीनकडे गेले. मॅकक्वीन स्वतः मोटरसायकलवेडा होता. ब्राउन पुढे गमतीने सांगत की, मॅकक्वीन आधी म्हणाला, 'मी चित्रपटात काम करतो, पैसे घालत नाही.' त्यावर ब्राउन म्हणाले, 'मग तुम्हाला यात घेता येणार नाही.' दुसऱ्याच दिवशी मॅकक्वीन पैसे घालायला तयार झाला!

पण चित्रपटात या बड्या नटाचे स्तोम कुठेच नाही. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावच्या शर्यतीत शेकडो हौशी स्पर्धक उतरतात. मॅकक्वीन त्यांच्यातलाच एक होतो. तिथे तर त्याने 'हार्वे मशमन' या खोट्या नावाने भाग घेतला होता. चिखलात पडल्यावर नट कोण आणि कारागीर कोण, हे ओळखूही येत नाही.

चित्रपटाच्या टिकून राहिलेल्या लोकप्रियतेचे पहिले रहस्य इथेच आहे. आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळून रविवारी आपली हौस पुरवणारी साधी माणसे त्यात दिसतात. बायकामुले मैदानाच्या कडेला बसून त्यांना बघत असतात. सुरुवातीलाच लहान मुले सायकलींवरून मोठ्यांची नक्कल करत धूळ उडवतात. हे दृश्य पाहून अमेरिकेतल्या असंख्य मुलांनी सायकली माळावर नेल्या. त्या पोरखेळाला पुढे 'बीएमएक्स' हे नाव मिळाले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली.

हरणाऱ्या विजेत्याची गोष्ट

दुसरे रहस्य आहे मर्ट लॉविल. १९६९ चा हा राष्ट्रीय विजेता १९७० मध्ये आपला पहिला क्रमांक टिकवायला निघतो. गाडीत मोटरसायकल घालून तो गावोगाव हजारो मैल फिरतो, रात्र रात्र जागून स्वतः इंजिन दुरुस्त करतो. प्रेक्षकाला वाटते, आता हा जिंकणार. पण यंत्र दगा देते, गुण हातचे जातात आणि वर्षअखेर पहिला क्रमांक जीन रोमेरोकडे जातो. लॉविल चिडत नाही, कोणाला दोष देत नाही. पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतो.

मुलांना फक्त जिंकण्याच्याच गोष्टी सांगितल्या जातात. हरल्यावर कसे वागावे हे कोणी शिकवत नाही. हा चित्रपट ते न बोलता शिकवतो. याच लॉविलने पुढे शर्यतीत हात गमावलेल्या मित्रासाठी खास कृत्रिम हात तयार केला आणि तसे हात इतरांच्याही उपयोगी पडले.

तिसरा नायक माल्कम स्मिथ. स्पेनमध्ये १९७० साली झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. डोंगर, दगडधोंडे, ओढे पार करायचे आणि गाडी बिघडली तर आपली आपणच दुरुस्त करायची, असा तिथला कडक नियम. तरीही स्मिथचा चेहरा कायम हसरा!

फरीदाबादचे वेड

हा सगळा प्रकार अमेरिकेतला. पण मोटरसायकलचे वेड आपल्या देशाला नवे नाही आणि त्या वेडात फरीदाबादचा वाटा मोठा आहे. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी इथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. लाहोरमध्ये १९४४ साली सुरू झालेली एस्कॉर्ट्स कंपनीही फाळणीनंतर इकडे आली आणि फरीदाबादला तिचे कारखाने निघाले. तिने पोलंडच्या सहकार्याने १९६० च्या दशकात 'राजदूत' बनवायला घेतली. दुधाच्या किटल्या लटकवून खेड्यापाड्यांतून धावणारी ही दणकट गाडी घराघरांत ठाऊक झाली. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल छोट्या राजदूतवर बसले आणि त्या गाडीला लोक 'बॉबी'च म्हणू लागले.

१९८३ मध्ये आली 'राजदूत ३५०'. जपानच्या यामाहाची ही गाडी, दोन सिलिंडर आणि सहा गिअरची. तिचा वेग तोवर इथल्या तरुणांनी पाहिलाच नव्हता. ती महाग होती, पेट्रोलही फार पीत असे. त्यामुळे १९८० चे दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. पण ज्यांच्याकडे ती आहे, ते आजही तिला लेकरासारखी जपतात. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेली आरएक्स १०० तर मध्यमवर्गीय तरुणांची लाडकीच झाली.

यंत्र आले, मैदान कुठे?

पण इथेच एक मोठी उणीव राहिली. वेगवान यंत्र आले, ते चालवायला मैदान मात्र आले नाही. मद्रासजवळच्या शोलावरम इथल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक झाला. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ हुपरीला मोहित्यांचा ट्रॅक आहे. फरीदाबादपासून जवळ, यमुनेपलीकडे ग्रेटर नोएडात २०११ मध्ये बुद्ध सर्किट तयार झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तीही रविवारीच! पण एवढ्या मोठ्या देशाला हे ट्रॅक कसे पुरणार?

मग पोरे रस्त्यालाच मैदान समजतात. मथुरा रोड असो, नाहीतर पुण्या-मुंबईचा महामार्ग. समोरून ट्रक येतो, मध्येच गाय येते, एखादी आजी रस्ता ओलांडत असते. चित्रपटातले स्पर्धकही पडतात, त्यांचीही हाडे मोडतात. पण त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते, अंगात जाड चामड्याचे कपडे असतात आणि समोरून कोणी येत नसते. धाडस आणि बेपर्वाई यांतला हा फरक मुलाला पडद्यावर दिसला, तर आईला दहा वेळा बजावावे लागत नाही.

आईवडिलांनी काय करावे?

नुसते 'नाही' म्हणून आवड मरत नाही, ती मित्राच्या गाडीवर चोरून पुरवली जाते. त्यापेक्षा मुलाच्या आवडीत थोडा रस घ्यावा. गाडी साफ करणे, प्लग काढून बघणे, चेन घट्ट करणे ही कामे आधी शिकू द्यावी. जो यंत्र समजून घेतो, तो ते सहसा पिळून काढत नाही. खरोखरच वेगाची ओढ असेल, तर ट्रॅकवरच्या प्रशिक्षण शिबिरासाठी पैसे साठवावेत.

आणि काही गोष्टींत मुळीच ढिलाई नको. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठरा वर्षांनंतरच मिळतो. हेल्मेट चालवणाऱ्यालाही हवे आणि मागे बसणाऱ्यालाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. रात्री दाराकडे डोळे लावून बसलेल्या कुठल्याही आईला ती विचारावी.

तो शेवटचा किनारा

मॅकक्वीन १९८० मध्ये गेला, ब्राउन २०१७ मध्ये आणि स्मिथ २०२४ मध्ये. तरी चित्रपटाचा शेवट तसाच ताजा आहे. मॅकक्वीन, लॉविल आणि स्मिथ हे तिघे समुद्रकिनाऱ्यावर मोटरसायकली घेऊन येतात. तिथे पहिला क्रमांक नाही, घड्याळ नाही, टाळ्या नाहीत. लहान मुलांसारखे ते वाळूत घसरतात, पाणी उडवतात आणि हसत सुटतात.

हे पाहताना आईला कळते की आपल्या मुलाला नेमके काय हवे आहे. आणि मुलालाही कळते की ही मजा घ्यायची, तर पुढच्या रविवारी धडधाकट घरी असायला हवे.