मोटारीच्या सांगाड्यासाठी फिरती घोडी : रचना आणि तोल

१. विषयप्रवेश

मेळघाटाच्या पायथ्याशी वसलेले परतवाडा अचलपूरची छावणी म्हणून वाढले आणि सागवानी लाकडाची पेठ म्हणून पुढे नावारूपास आले. चिखलदरा, धारणी व बैतूल यांकडे जाणारे रस्ते येथूनच डोंगरात शिरतात. अशा गावी मोटारदुरुस्तीचा धंदा असणे ओघानेच आले. त्या धंद्यातील एका साध्या साधनाचा, म्हणजे मोटारीचा सांगाडा आडव्या आसाभोवती फिरवणाऱ्या घोडीचा, यंत्रशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या साधनास पाश्चात्य कारागीर ‘रोटिसरी’ म्हणतात. मांस सळईत ओवून विस्तवावर फिरवण्याच्या उपकरणाचे हे नाव मोटारीच्या कामात आले ते केवळ साम्यावरून. आपल्याकडे सुताराची घोडी सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून येथे ‘फिरती घोडी’ हा शब्द योजिला आहे.

२. गरज कोठून उद्भवते

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ पासून तयार होऊ लागलेल्या अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिचे उत्पादन त्याहूनही आधी बंद झाले. मुंबईच्या टॅक्सींतून तर ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. आता या गाड्यांचा नवा सांगाडा मिळावयाचा नाही. जो आहे तोच टिकवावा लागेल.

सांगाडा कुजतो तो खालून. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल तळाच्या कोपऱ्यांत आणि दारांखालच्या पोकळ पेट्यांत जाऊन बसतो. काळी माती पाणी धरून ठेवणारी. त्यामुळे वरचा पत्रा उन्हाने वाळला तरी आतील भाग दीर्घकाळ ओला राहतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो दोन पत्र्यांमधील सांधा आतून उचलतो, आणि त्या फटीत पुन्हा पाणी शिरते.

दुरुस्ती करावयाची तर कारागिराला गाडीखाली उताणे पडून काम करावे लागते. गंजाचा भुगा डोळ्यांत जातो, वेल्डिंगच्या ठिणग्या छातीवर पडतात, आणि वितळलेला धातू गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळत असल्यामुळे सांधाही नीट भरत नाही. शिवाय जॅक घसरला तर गाडीचा भार थेट अंगावर येतो. सांगाडाच कुशीवर वळवला, तर तळ भिंतीप्रमाणे उभा राहतो आणि कारागीर त्याच्यासमोर ताठ उभा राहून काम करू शकतो. या साधनाचे प्रयोजन एवढेच. पण ते थोडे नव्हे.

३. रचना

घोडीचे दोन स्वतंत्र खांब असतात. एक सांगाड्याच्या पुढे, दुसरा मागे. प्रत्येक खांब जाड चौकोनी पाइपचा असून त्याची बैठक रुंद असते. खांबाच्या माथ्यावर एक आडवी नळी वेल्ड करतात. तिच्यात सैलसर बसणारी दुसरी नळी हाच फिरता आस होय. आतील नळीच्या टोकाला आडवा पाइप व त्यावर दोन ब्रॅकेट असतात. बंपर ज्या ठिकाणी बसवला जातो त्या भोकांत ते बोल्टने घट्ट करतात. मात्र ते भागच कुजलेले असल्यास आधी त्यांची दुरुस्ती करावी. ब्रॅकेट वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येणे अत्यावश्यक आहे. त्याचे कारण पुढील विभागात येईल.

दोन्ही खांब जमिनीलगतच्या एका मधल्या पाइपने जोडतात. हा पाइप दुसऱ्या पाइपात सरकणारा ठेवला, तर लांबी कमी-अधिक करता येते. आतील नळीला भोके पाडलेली एक जाड चकती जोडतात. तिच्यातून खांबात खुंटी घातली की सांगाडा इष्ट कोनात स्थिर राहतो.

आसाची उंची सांगाड्यावरून ठरते. समजा, टप आसापासून ०.८५ मीटर उंच आहे आणि त्याची कड मध्यरेषेपासून ०.६० मीटर दूर आहे. या दोहोंच्या वर्गांची बेरीज १.०८२५ व तिचे वर्गमूळ सुमारे १.०४. म्हणजे फिरताना ती कड आसापासून १.०४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढील. तळाच्या कडांचेही असेच गणित करून जे अंतर सर्वांत मोठे येईल ते घ्यावे. ते १.०४ मीटरच असेल तर आस जमिनीपासून १.१५ मीटर उंच धरणे सुरक्षित ठरेल.

४. तोलाचा प्रश्न

लोखंड जितके जाड तितकी घोडी चांगली, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः घोडीचा गुण जाडीपेक्षा आसाच्या जागेवर अवलंबून असतो. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे तत्त्व बंडी भरताना ठाऊक असते. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. भार तोच, बदलते ती त्याची जागा.

सांगाड्याचा गुरुत्वमध्य आसाच्या खाली असेल, तर तो लंबकाप्रमाणे मूळ स्थितीकडे परततो आणि वळवण्यास जड जातो. गुरुत्वमध्य आसाच्या वर असेल, तर किंचित ढळताच सांगाडा आपोआप उलटू पाहतो. ही स्थिती घातक होय. गुरुत्वमध्य नेमका आसावर असेल, तर सांगाडा कोणत्याही कोनात सोडला तरी तेथेच राहतो. म्हणूनच प्रथम आस मुद्दाम थोडा वर धरून बांधणी करावी आणि मग मोजून तोल साधावा.

उदाहरणार्थ, सांगाड्याचे वजन ३०० किलो आणि गुरुत्वमध्य आसाच्या खाली ८ सेंटिमीटर आहे असे मानू. फिरत्या भागाला ६० सेंटिमीटर लांबीची दांडी जोडावी. सांगाडा ३० अंश कलवून, दांडीच्या टोकाला काटकोनात स्प्रिंगकाटा लावून जोर मोजावा. नळीतील घर्षणामुळे वर नेताना काटा अधिक दाखवील आणि खाली येऊ देताना कमी. समजा हे आकडे २४ व १६ किलो आले. त्यांची सरासरी २० हा खरा जोर. २० × ६० म्हणजे १,२००. ३० अंशांत गुरुत्वमध्याचे आडवे अंतर निम्मे, म्हणजे ४ सेंटिमीटर होते. आणि ३०० × ४ हेही १,२००च. गणित जुळते.

वजन ठाऊक नसले तरी अडत नाही. सांगाड्याखाली ठोकळ्यांचा आधार देऊन, ब्रॅकेट सरकवून तो आसाच्या मानाने २ सेंटिमीटर वर घ्यावा आणि त्याच कोनात पुन्हा मोजावे. जोर २० वरून १५ वर आला, तर दर २ सेंटिमीटरला ५ किलो उतरतात, म्हणून आणखी ६ सेंटिमीटर वर घ्यावे लागेल हे उघड आहे.

येथे घर्षणाचा उपकारही ध्यानात घ्यावा. वरील दोन आकड्यांतील फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ४ किलो, हा घर्षणाचा जोर होय. तेवढ्यात सांगाडा पूर्ण आडवा केल्यावरही ८ मिलिमीटरपर्यंतची चूक सामावते. सबब महागडे बॉल-बेअरिंग लावण्याची गरज नाही. ग्रीस लावलेली साधी नळी येथे अधिक सोयीची. तथापि स्थिरतेसाठी खुंटीच घालावी, घर्षणावर विसंबू नये.

५. व्यवहारातील दक्षता

पहिली गोष्ट, दोन्ही नळ्या एका रेषेत हव्यात. त्यांतून एक दोरी ताणून आणि पाणसळ लावून हे तपासावे. रेषा चुकली तर प्रत्येक फेऱ्यात सांगाडा पिळला जातो. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून घोडी काँक्रीटच्या फरशीवरच उभी करावी.

दुसरी गोष्ट, अॅम्बॅसेडर व पद्मिनी यांना जीपप्रमाणे स्वतंत्र चेसिस नसते. तळ आणि पेट्या हाच त्यांचा कणा. तो कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत पाइपचे आडवे-तिरपे आधार द्यावेत, कर्णांची मापे लिहून ठेवावीत आणि एका वेळी एकाच बाजूची पेटी बदलावी. हे न केल्यास पत्रा नवा होईल, पण दार पुन्हा बसणार नाही.

तिसरी गोष्ट, सांगाडा घोडीवर चढवण्यापूर्वी इंजिन, काचा, पेट्रोलची टाकी व नळ्या काढून घ्याव्यात. काम पुढे सरकते तसे वजन बदलते, आणि गुरुत्वमध्यही जागा सोडतो. म्हणून जुना तळ कापल्यावर व नवा बसवल्यावर तोल पुन्हा मोजावा. खुंटी काढण्यापूर्वी दांडी हातात असावी, आणि सांगाडा फिरत असता त्याच्या खाली किंवा वर्तुळात कोणीही उभे राहू नये.

६. उपसंहार

फिरत्या घोडीला लागणारे सामान गावातील लोखंडाच्या दुकानात मिळते आणि वेल्डिंग जाणणारा कोणीही कारागीर ती करू शकतो. तिच्यात दुर्मीळ असे काही असेल तर ते मोजमाप. एक स्प्रिंगकाटा, एक दोरी आणि एक पाणसळ एवढ्यांच्या साहाय्याने ते साधते. ते साधले की जो भार उताण्या पडलेल्या माणसाच्या छातीवर टांगलेला असे, तोच भार उभ्या माणसाच्या एका हाताने वळू लागतो. जुन्या गाडीचे आयुष्य वाढते हा लाभ खराच. पण कारागिराचे डोळे, पाठ आणि प्राण सुरक्षित राहतात, हा लाभ प्रथम गणला पाहिजे.