रथाचे व्हिडिओ कोणत्या फोल्डरात?

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. आता प्रत्येक घरात दोन-तीन फोन, आणि प्रत्येकात रथाचे व्हिडिओ. आमच्या घरी चार वर्षांचे व्हिडिओ प्रत्येक फोनच्या एकेका फोल्डरात कोंबलेले होते. त्यांतच लग्ने, सहली आणि विहिरीचे खोदकामही. ते हाताने लावणे म्हणजे पोतेभर ज्वारीतले खडे निवडणे! म्हणून ते काम संगणकाकडे सोपवले.

करायच्या कामाच्या क्रमवार सूचना संगणकाला लिहून दिल्या, की झाली स्क्रिप्ट. पायथन भाषेत दहा-पंधरा ओळी पुरतात. पण आधी एक प्रश्न सोडवायला हवा. व्हिडिओ कधीचा, हे संगणकाने कशावरून ओळखायचे? आपल्या या छोट्या स्क्रिप्टला रथ दिसत नाही, दिसते फक्त फायलीचे नाव. पुष्कळ फोन त्या नावात तारीख आणि वेळ घालतात. उदाहरणार्थ, २०२४१२०२_१०१५३०. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुढे तास, मिनिटे, सेकंद.

हा क्रम उगाच नाही. नावे लावताना अक्षरे डावीकडून ताडली जातात. दिवस आधी लिहिला, तर ०२-१२-२०२४ ही तारीख २४-११-२०२२ च्या आधी जाऊन बसेल! वर्ष डावीकडे ठेवले की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

आता सूचना अशा: एकेक फाईल घे. नावातले पहिले आठ अंक काढ. त्यांतले पहिले चार म्हणजे वर्ष, पुढचे दोन म्हणजे महिना. त्या वर्षा-महिन्याचा फोल्डर नसेल तर तयार कर आणि फाईल तेथे हलव. आठ अंक सापडले नाहीत तर फाईल जागेवरच राहू दे.

एवढे केले आणि रथ विखुरला! ती प्रतिपदा २०२२ मध्ये २४ नोव्हेंबरला, २०२३ मध्ये १३ डिसेंबरला, २०२४ मध्ये २ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये २१ नोव्हेंबरला आली. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते; २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती पुढे गेली. संगणकाला पंचांग कोठून ठाऊक? शेवटी या चार तारखा स्क्रिप्टमध्ये लिहिल्या आणि त्या दिवशीच्या फायलींना 'रथ' हा वेगळा फोल्डर दिला. (व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओंच्या नावात मात्र चित्रीकरणाची नव्हे, फोनवर आल्याची तारीख असते. ते हातानेच पाहावे लागले.)

एक चूक महागात पडली. माझ्या आणि भावाच्या फोनने एकाच सेकंदाला चित्रण सुरू केले होते. दोन्ही फायलींची नावे तंतोतंत सारखी. दुसरी फाईल हलवताना संगणकाने पहिली न विचारता पुसली. त्या व्हिडिओत आजी होती. दुसरी प्रत नव्हती.

तुम्ही आधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्या नावाची फाईल तेथे आधीच असेल तर नव्या नावापुढे १, २ असा आकडा जोडण्याची सूचना लिहा. आणि पहिल्या खेपेस काहीही न हलवता कोणती फाईल कोठे जाईल, एवढीच यादी पडद्यावर मागवा. माझ्या यादीत एक व्हिडिओ सन ९८२२ च्या पंचेचाळिसाव्या महिन्यात निघाला होता! कोणीतरी फायलीला मोबाईल क्रमांकाचे नाव दिले होते. महिना १ ते १२ मध्येच आहे ना, ही तपासणी तेव्हा वाढवली.