दिसेनासं झालं म्हणून दृष्टी गेली असं नाही

गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला झटके आले की अजूनही कांदा हुंगवतात, दृष्ट काढतात, 'बाहेरचं' आहे म्हणतात. यात बाहेरचं काही नसतं. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूला सूज येते आणि त्यातून झटके येतात. एरवी दाब चढला-उतरला तरी मेंदूतल्या रक्तवाहिन्या रक्तपुरवठा सांभाळून घेतात. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणातल्या या वाढत्या रक्तदाबाच्या आजारात, त्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि रक्तातलं पाणी मेंदूत झिरपतं. ही सूज मुख्यतः मेंदूच्या मागच्या भागात येते. दृष्टीचं केंद्र तिथेच असतं, म्हणून डोळे धडधाकट असूनही अंधार होतो. 1996 मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. डॉक्टर आता त्याला 'प्रेस' म्हणतात.

आंधळेपण आलं म्हणून घरचे खचतात. पण उपचार वेळेत मिळाले तर बहुतेकींची दृष्टी काही तासांत किंवा दिवसांत परत येते. सूज ओसरते हे खरं, पण आपोआप नाही. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

'बीपी काही फार नव्हतं' हेही ऐकू येतं. जिचा दाब नेहमी कमी असतो, तिला 150/100 सुद्धा झेपेलच असं नाही. आणि बाळंतपण झालं की धोका टळला, हा समज तर फार घातक. पहिले 48 तास विशेष जोखमीचे, पण झटके त्यानंतरही येऊ शकतात. ओली बाळंतीण डोकं दुखतंय म्हणाली तर जागरणाने असेल म्हणून सोडून देऊ नका, दाब मोजा.

हे फेफरंही नव्हे. बहुतेकींना जन्मभर गोळ्या लागत नाहीत.

मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनला लोक उगाच घाबरतात. ते घेताना अंगात उष्णता जाणवते, पण झटके रोखायला तेच सर्वांत खात्रीचं औषध. 2002 च्या 'मॅगपाय' चाचणीत 33 देशांतल्या सुमारे 10 हजार स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. दाब उतरवायची औषधं सोबत लागतातच, आणि बाळ पोटात असेल तर प्रसूतीचा निर्णयही लांबवता येत नाही.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका आणि 108 ला फोन करा.