रिपोर्ट रायटिंगचा तास

तलासरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या इंग्रजीचा जादा तास चालू होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मुलं उधवा, सूत्रकार, झरी अशा गावांतली. घरी वारली, शाळेत मराठी, उंबरगावच्या कारखान्यात भाऊ असला तर थोडी गुजरातीही. इंग्रजीचा नंबर त्यानंतर. लेखी पेपर 80 गुणांचा, त्यातले 16 लेखनकौशल्याचे. धडे घोकून पार पडता येतं, पण या 16 गुणांना स्वतःचं वाक्य लागतं. तिथेच सगळे अडतात.

बाईंनी फळ्यावर विषय लिहिला: महालक्ष्मीची जत्रा. हनुमान जयंतीपासून विवळवेढ्याला भरणारी ही जत्रा वर्गात न पाहिलेलं कुणी नसेल. तरी पहिल्या मसुद्यांत जत्रा शोधून सापडेना. होतं ते गाईडमधलं ‘ग्रँड’, ‘मॅग्निफिसंट’, ‘अनफर्गेटेबल’, तिन्ही एकाच वाक्यात. एका वहीत ‘लार्ज क्वांटिटी ऑफ पीपल’. शब्द पाठ होते. कुठला कुणाशेजारी बसतो, ते कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी नवे शब्द दिलेच नाहीत, आहेत त्यातले खोडले. मग प्रश्न: कोण आलं? कशातून? दुकानं कसली? उत्तरं मराठीत आली, मध्येच वारलीत. त्यातल्या एकेका क्रियापदाला त्याची भावंडं जोडली गेली: ‘अराइव्ह’ला ‘अरायव्हल’, ‘अरेंज’ला ‘अरेंजमेंट’. अव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक इंग्रजीची जी प्रसिद्ध यादी केली, तीही सुट्या शब्दांची नाही, 570 शब्दकुटुंबांची आहे. अर्थात ती विद्यापीठीय लेखनातून काढलेली. बारावीच्या मुलांना ती जशीच्या तशी घोकायला देणं म्हणजे गाईडचीच दुसरी आवृत्ती.

पॅसिव्ह व्हॉइससाठी बाईंनी चिकू घेतला. ‘डहाणू घोलवड चिकू’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना ठाऊक होतं, वाड्यांवर सुट्टीत कामाला जाणारेही वर्गात होते. त्यामुळे क्रम भराभर आला: काढला जातो, धुतला जातो, आकारानुसार निवडला जातो, खोक्यांत भरला जातो. ‘आर प्लक्ड, आर वॉश्ड, आर ग्रेडेड, आर पॅक्ड.’ इतकी बिनचूक वाक्यं त्या तासात पहिल्यांदाच ऐकू आली. रिपोर्टमध्ये काय झालं ते महत्त्वाचं, कोणी केलं ते गाळलं तरी चालतं, असं बाईंनी सांगितलं.

खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “पण बाई, काढतो तर आम्हीच. ते लिहायचंच नाय?”

बाई थांबल्या. नियम म्हणून त्यांचं बरोबर होतं; मला मात्र त्या मुलीचं पटलं. ‘बाय’ लावून कर्ता शेवटी आणता येतो, असं बाईंनी फळ्यावर दाखवलं. तिने लगेच वहीत वाक्य लांबवलं: ‘बाय वर्कर्स फ्रॉम तलासरी’. बाईंनी त्यात ‘द’ घातला आणि म्हणाल्या, आता हाच मजकूर ‘अपील’ म्हणून लिहा, मजुरी वाढवून मागायची आहे असं समजून.

या वेळी गाईड कुणी उघडलं नाही.