जस्ट मर्सी : चुकून राहिला असेल तर नक्की बघा

२०१९ चा हा सिनेमा सत्यघटनेवर आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९८६ मध्ये एका तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या निरपराध कृष्णवर्णीय लाकूडतोड्याला त्यात गोवलं गेलं. खुनाच्या वेळी तो घरच्या कार्यक्रमात होता, डझनभर साक्षीदार होते. तरीही खटला दीड दिवसात उरकला! ज्युरीने जन्मठेप सुचवली होती. न्यायाधीशांनी ती बदलून मृत्युदंड सुनावला. तेव्हा तिथल्या कायद्यात तशी मुभा होती, ती २०१७ मध्ये रद्द झाली.

जेमी फॉक्सचा वॉल्टर आणि मायकल बी. जॉर्डनचा वकील ब्रायन स्टीव्हन्सन, दोघंही अप्रतिम. पण मला हलवून सोडलं ते हर्बर्ट या फाशीच्या कोठडीतल्या दुसऱ्या कैद्याच्या प्रसंगाने. मृत्युदंडाआधी त्याच्या भुवयासुद्धा भादरतात, आणि बाकीचे कैदी कोठडीच्या गजांवर कप आपटत राहतात, तू एकटा नाहीस हे त्याला कळावं म्हणून. हर्बर्टच्या भूमिकेतलं रॉब मॉर्गनचं हे काम फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

स्टीव्हन्सन यांचं याच नावाचं पुस्तकही जरूर वाचा. खऱ्या आयुष्यात वॉल्टर शेवटी १९९३ मध्ये सुटला, सहा वर्षं फाशीच्या कोठडीत काढून.